झिपरू मास्तरांची जावई-परीक्षा

"बट्टी किती ते विचार! वरण किती ते विचारू नको, ते अनकाउंटेबल आहे!" भर पंगतीत वाढप्याला असं खडसावणारा माणूस आख्ख्या खानदेशात एकच, आमच्या पाचोऱ्याचे झिपरू मास्तर. वाढपी बिचारा वरण न वाढताच पुढे सटके.

मास्तर इंग्रजी शिकवीत, मी त्याच शाळेत चित्रकला. साहेबाच्या भाषेत मोजता येणारी नामं आणि न येणारी, अशा दोन जाती. वीस वर्षांत मास्तरांनी याखेरीज काही शिकवल्याचं मला तरी ठाऊक नाही. राज्य चालवताना खुद्द साहेब इतका काळजीत नसेल!

मास्तरांची बायको लवकर गेली. लेकीला, शेवंताला, त्यांनीच वाढवलं. ती लग्नाची झाली आणि हे खूळ घरात शिरलं. मुलगी पाहायला आलेल्या मुलाचीच परीक्षा! पहिला कापसाला अडला. दुसऱ्याला घाम फुटला, आणि घाम कुठल्या जातीचा हेही त्याला सांगता येईना. तिसऱ्याचा बाप अमळनेरचा. तो ताडकन उठला. "मास्तर, आम्ही पोर देखाले उनूत, परीक्षा देवाले नही!" चहा तसाच राहिला.

गावभर हसं झालं. आता शेवंताला स्थळ येईना. शेवटी मीच धुळ्याचा एक मॅट्रिक झालेला कारकून गाठला. पोरगा तयारीचा निघाला. एकूण एक उत्तरं बरोबर! दाराआडून शेवंता चक्क हसली. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मास्तरांनी चष्मा पुसला. "उच्चार बरा नाही. नापास."

पाहुणे स्टेशनकडे गेले आणि माझं डोकं फिरलं. "तुमचा उच्चार ऐकून इन्स्पेक्टर कानात बोटं घालतो, मास्तर! पोरीला काय जन्मभर घरात ठेवायचंय?"

"हो," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"ती गेली की या घरात मी कोणाशी बोलू, नाना?" आणि एवढा मोठा माणूस माझ्यासमोर हमसून रडायला लागला. मला फार वाईट वाटलं. शेवंता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्याजवळ बसली. तिचेही डोळे भरले होते.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग उठले, टोपी चढवली.

"गाडी सुटली नसेल अजून," म्हणाले, आणि अनवाणीच स्टेशनकडे पळत सुटले.