फाटकाजवळच्या वावरी गहू उगवला त्याची हकीकत

सकळ लहानथोर, धुळीत राबणारे आणि धूळ झाडून चहास बसणारे, यांस विदित व्हावे जे, साता समुद्रांपार, जेथे ऋतू उलटे आणि नाताळ भर उन्हाळ्यात येतो त्या मॅली मुलखी, कुराबिन परगण्यात, फाटकाजवळच्या वावरी जो प्रसंग गुदरला तो लोक नानापरी सांगतात. जो तेथे नव्हता तो अधिक सांगतो. सबब घडले तैसे लिहिले आहे. कमीजास्त असेल ते वाऱ्याने नेले समजावे.

परगण्यात अर्नो नोस्केसाहेब, गव्हाचे व मेंढरांचे धनी, बापआज्यापासून जमीन कसून होते. रिवाज ऐसा होता की, उन्हाळ्याअखेर धसकटे जाळावी, वावर परातीसारखे लख्ख करावे आणि मग एप्रिलात अँझॅक दिनी शहीद शिपायांस मुजरा करून आभाळाकडे पाहावे आणि पाऊस झाला की चाड्यावर मूठ धरावी. आभाळाने हा तह पिढ्यानपिढ्या पाळिला. पुढे आभाळाची नियत फिरली. एप्रिल कोरडा, मे कोरडा आणि भर फेब्रुवारीत, कापणी उरकून कोणास गरज नाही ऐशा वेळी, पाऊस बेलगाम कोसळू लागला. ती ओल जमिनीच्या पोटात खोल जाऊन बसे आणि वर नुसता फुफाटा उरे.

साहेबांची कन्या रोनाबाई, शहरातील चाकरी सोडून घरी आलेली. तिने मसलत मांडली की, धसकटे जाळू नयेत, उभी ठेवावी म्हणजे ओल झाकली राहील. आणि लांब कोंबाचे नवे वाण आणून, दोन बोटांऐवजी सहा बोटे खोल, थेट ओलीत पेरावे. पावसाची वाट पाहू नये.

साहेब न्याहारीस बसले होते. त्यांनी सॉसेज कापता कापता सुरी थांबविली.

"सहा बोटं? गहू पेरतेस का पुरतेस?"

"बाबा, ओल खाली आहे. ती काही आपल्यासाठी जिना चढून वर येणार नाही."

"आणि ती धसकटं? रस्त्यावरनं जाणारा म्हणेल, नोस्केनं दाढी करायचं सोडलं."

"म्हणू दे. रस्त्यावरनं जाणारा आपल्याला जेवायला घालत नाही."

मग साहेबांनी फर्मान काढिले की, फाटकाजवळचे वावर कन्येस द्यावे. उगवले तर पुढील पेरणी तिच्या हुकमाने. न उगवले तर त्यात मेंढरे सोडावी, सारी जमीन शेजारी मर्व पिल्क यांस खंडाने द्यावी आणि कन्येने शहरी परतावे. मर्वसाहेब दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढून दुःख दाखविले आणि कुंपणाचे मापही डोळ्यांनी घेतले.

मग सुमुहूर्ते मोहीम निघाली. ट्रॅक्टर हा पट्टहस्ती पुढे, पेरणीयंत्र मागे, थर्मासात चहा, डब्यात पाव आणि मटण, ऐशा सरंजामानिशी रोनाबाई वावरात शिरली. धूळ ऐसी उठली की सूर्याने तोंड लपविले आणि गुलाबी काकाकुवे वरून शिव्या देत फिरू लागले. अँझॅक दिनाच्या आतच बी सहा बोटे खाली, ओलीच्या मुक्कामी पोहोचले.

मग वेढा पडला, म्हणजे वाट पाहणे आले. त्या मुलखी दुसऱ्याच्या वावरात न पुसता पाय घालणे ही बेअदबी. परंतु फाटकातून दोन पावले आत जाऊन खिशातील चाकूने बी उकरून पाहणे ही माणुसकी. मर्वसाहेब आले आणि उकरून गेले. पाद्रीसाहेब आले. टपालवाली बाई रोजच येई. प्रत्येकाने कोंब तळहातावर घ्यावा, "आहे बुवा जीव," म्हणावे आणि तो तेथेच टाकून जावे. रोनाबाईही सकाळी उकरी. साहेब ती गेल्यावर उकरीत. वावरात पुढे जाऊन पाहावे तर तिला धीर होईना. न पाहिलेली हार अर्धीच असते, ऐसे तिच्या मनी.

मे सरत आला. फाटकाशी पाहावे तो जमीन उघडीबोडकी, पलीकडे नुसती धसकटे. साहेबांनी मेंढरे हाकारिली. रोनाबाई फाटकास पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी."

"आणखी थोडे दिवस, बाबा."

"आभाळानंही मला हेच सांगितलं होतं."

मग तिने कडी स्वतः काढिली आणि तोंड फिरविले.

मेंढरे आत घुसली. उघड्या कोपऱ्यास त्यांनी ढुंकून पाहिले नाही. पुढे धसकटांत शिरताच आघाडीची म्हातारी मेंढी थबकली, मान खाली घातली आणि मान वर करीना. मागली सारी फौज तैसीच जागच्या जागी मुंडी घालून चरू लागली.

"ही काय वाळू खातात?" साहेब म्हणाले.

आणि मग नोस्के घराण्याचा धनी, जो आजवर फाटकातूनच पीक जोखीत आला, तो धसकटे तुडवीत आत गेला. पाहातो तो दोन धसकटांच्या ओळींमध्ये गहू, हिरवा, टोकापर्यंत, ओळीमागे ओळ.

रोनाबाई धावत आली. पाहिले, आणि ओळीत बसून पाती चाचपली. मग फाटकाच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "मग तिथं काय झालं? उंदीर?"

मर्वसाहेब कुंपणापाशी खोकले. साहेबांनी चाकूच्या खिशावर हात ठेविला.

"मोठे उंदीर," ते म्हणाले. "आता ती मेंढरं काढ बाहेर, माझं पीक खातायत."

"कुणाचं?"

साहेबांनी वाकून, आपण तुडविलेले एक धसकट उभे केले. "तुझं," म्हणाले.

मग मेंढरांशी घनघोर युद्ध झाले. आत जाताना त्यांना एक शिटी पुरली होती. बाहेर येण्यास बाप, लेक, दोन कुत्री आणि मर्वसाहेब इतके लागले. म्हातारी मेंढी शेवटी उचलून आणावी लागली.

पुढे शनिवारी क्लबात अर्नोसाहेबांनी जाहीर केले की, खोल पेरण्याची मसलत मूळ त्यांचीच. रोनाबाईने ऐकिले आणि बटाट्यांस मीठ लाविले. फत्ते धन्याच्या नावे लिहावी ऐसा बखरीचा दस्तूर आहे, त्याप्रमाणे ती अर्नो नोस्केसाहेबांच्या नावे लिहिली. जमीन मात्र त्यांनी रोनाबाईच्या नावे लिहिली.