आबांचे दोन आवाज

भूपेंद्रने आपल्या सासऱ्यांचा आवाज बंद केला. सुकदेव आबांच्या वरणगावच्या घरात जे आजवर कोणालाच साधले नव्हते, ते त्याने जळगावच्या स्टुडिओत बसून एका बटणावर साधले. कॉम्प्युटरवर आबांचे ओठ हलत होते आणि त्यातून झुलाल नावाच्या भलत्याच माणसाचा भरदार आवाज येत होता. भूपेंद्रने पुन्हा पुन्हा मागेपुढे करून पाहिले. ओठ आणि शब्द अगदी बेमालूम जमले होते. त्याला स्वतःचेच कौतुक वाटले. फक्त आबांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्याला मुलगी द्यायची हे आबांच्या पचनी पडले नव्हते. दारूगोळ्याच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला 'काम' म्हणजे ज्याने हात काळे होतात ते. दिपमालाने हट्ट धरला म्हणून लग्न झाले, पण पुढे आबा जावयाशी 'अहो, बसा' आणि 'अहो, निघालात का' यापलीकडे बोलले नाहीत. नावाने हाक तर कधीच नाही. लग्नांच्या व्हिडिओंना कंटाळून भूपेंद्रने स्वतःची वीस मिनिटांची फिल्म काढायला घेतली, त्यातला बापाचे काम करणारा नट ऐनवेळी पळाला, आणि दिपमालाने वडिलांना विचारले. आबा हो म्हणाले. घरात दोन दिवस कोणाला खरे वाटले नाही.

गोष्ट साधी होती. माहेरपण संपवून निघालेल्या लेकीला बाप स्टँडवर सोडायला येतो, एवढीच. लेकीचे काम दिपमालानेच केले होते. पण घरी ज्यांच्या आवाजाने भिंतीवरची पाल पडायची, त्या आबांचा कॅमेऱ्यापुढे घसाच बसला. कॉलरला माइक लावूनही काय बोलले ते जेमतेम कळे. भूपेंद्रची पंचाईत झाली. शेवटी त्याने रिक्षावर भोंगा लावून सेलची जाहिरात करणाऱ्या झुलालला गुपचूप बोलावले आणि आबांची सगळी वाक्ये त्याच्याकडून म्हणवून घेतली.

आता राहिले होते आवाजाचे शेवटचे काम, आणि ते धुळ्याच्या नीलेशकडे होते. भूपेंद्र चित्रे जोडी, नीलेश आवाज बसवी. दोघांची सॉफ्टवेअर वेगळी. नीलेशने फोनवर बजावले होते की सगळे ट्रॅक सुटे सुटे पाठव, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या अलीकडे-पलीकडे दहा दहा सेकंद राखून ठेव, म्हणजे मला जोडायला बरे. भूपेंद्रने इमानेइतबारे तसे केले. बंद केलेला आवाज बंदच जाणार, यात त्याला शंका नव्हती. पण या सॉफ्टवेअरमधली बंदी त्या सॉफ्टवेअरला लागू नसते. केळीचे खोड तोडले तरी बाजूने पिल म्हणजे नवा कोंब वर येतोच. तसा आबांचा आवाज धुळ्यात वर आला आणि बंदी तेवढी जळगावात राहिली.

नीलेशचा फोन आला तेव्हा आबा नेमके जळगावला लेकीकडे जेवायला बसले होते. भूपेंद्रचा हात शेवेच्या भाजीत, म्हणून दिपमालाने फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला.

"भाऊ, आठे तर बठ्ठा आवाज उना शे," नीलेश अहिराणीत म्हणाला; म्हणजे बंद केलेल्यासकट सगळे आवाज तिकडे आले होते. "एकच मानूस दोन आवाजमा बोली ऱ्हायना. कोनता ठेवू आनि कोनता काढू?"

भूपेंद्रने डाव्या हाताने फोन बंद केला. आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि काय झाले म्हणून विचारले. इकडून तिकडे नेताना आवाजांची थोडी सरमिसळ झाली, असे भूपेंद्रने सांगितले. ते खोटे नव्हते, हीच त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट होती.

"मंग आपुन उद्या धुळ्याले जाऊ," आबा म्हणाले. "मशिनीचा घोळ फोनवर नाही निस्तरत, अहो. मशिनीजोळ जा लागते."

आबा आपणहून एवढे बोलले याचाच दिपमालाला आनंद झाला. तिने सकाळच्या गाडीसाठी दशम्या करायचेही कबूल करून टाकले. भूपेंद्रला नाही म्हणायला जागाच उरली नाही. रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर करत राहिला. आबांनी पाहुणेही सांगून ठेवले होते. असोद्याला भूपेंद्रच्या निंबाकाकांच्या शेतात भरताची पार्टी ठरली होती, तिथे कापडाचा पडदा लावून फिल्म दाखवायची होती, आणि आबा आपले कारखान्यातले जुने सोबती जीप करून आणणार होते. आपल्या तोंडी दुसऱ्याचा आवाज आहे हे त्यांना सोबत्यांदेखत कळले असते, तर त्यांनी जावयाचे तोंड पुन्हा पाहिले नसते. 'अहो' सुद्धा गेले असते.

एसटीत आबा खिडकीशी बसले. भूपेंद्रने मोबाइल गुडघ्यांमध्ये लपवून नीलेशला लिहिले की सासरे सोबत आहेत, झुलालचा आवाज आत्ताच्या आत्ता काढून टाक. एरंडोल गेले, पारोळा गेले, उत्तर नाही. धुळ्याच्या अलीकडे उत्तर आले, 'काढतो. पण तू आधी इकडे येऊन एक ऐक.'

नीलेशचा स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली, आणि तिच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या. नीलेश हुशार गडी. त्याने आधी आबांना यंत्रे दाखवली, मग आपल्या वडिलांची बिघडलेली पाण्याची मोटर दाखवली. आबा मोटरीपाशी उकिडवे बसले ते बसलेच. तेवढ्यात नीलेशने भूपेंद्रच्या कानांवर हेडफोन चढवला.

ते राखून ठेवलेले दहा दहा सेकंद होते. भूपेंद्रने ते कधी ऐकलेच नव्हते, तो फक्त कापत गेला होता. प्रत्येक वाक्याच्या आधी आबा ते वाक्य स्वतःशी घोकत होते, शाळेतले पोर कविता घोकते तसे. "पोरी, हे घर तुझंच आहे. पोरी, हे घर तुझंच आहे." मग एक खोल श्वास. आणि मग अगदी हळू, "भूपेंद्रचं काम आहे. बिघडाले नको, देवा."

भूपेंद्रने ते तिथेच थांबवले, पुन्हा लावले आणि पुन्हा ऐकले. आपले नाव त्यांना येते, हे त्याला आज कळले. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढ्या घोकंपट्टीनंतर माणसाचा घसा बसणार नाही तर काय होणार.

"झुलालला काढ," तो नीलेशला म्हणाला. "आबा असू दे. पुटपुटले तर पुटपुटले."

आता हे लपवाछपवीसाठी नव्हते, त्याला मनापासूनच तो आवाज हवा होता. नीलेशने दिवसभर खपून आबांचे शब्द साफ केले, उचलले, जागच्या जागी बसवले. एकच वाक्य काही केल्या सापडेना. लेकीचा डबा खाली राहतो आणि बाप "ओ कंडक्टर, थांबवा गाडी" म्हणून ओरडतो, नेमकी तेव्हाच एसटी सुरू झाली होती आणि आबांचा आवाज इंजिनाखाली चिरडला गेला होता. तिथे नाइलाजाने झुलालला ठेवले. एका वाक्याने काय कळणार, असे दोघांनी ठरवले. मोटर मात्र आबांनी चालू करून दिली.

फिल्मला आवाज दिलेला झुलाल पार्टीला येणार हे उघडच होते. भूपेंद्रने त्याला आधी गाठून सगळे सांगितले, माफी मागितली आणि हात जोडून विनवले की आजची संध्याकाळ तोंड उघडू नकोस, तुझा आवाज आबांनी ओळखला तर संपले. झुलाल मोठ्या मनाचा. बोलण्यावर जगणाऱ्या त्या माणसाने तोंडाला दुसरे काम दिले. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी ठेचून होईपर्यंत तो पुऱ्यांवर होता आणि नंतर भरतावर. कसे कोण जाणे, पण आबा येऊन बसले ते नेमके त्याच्या शेजारी.

अंधार पडला आणि फिल्म सुरू झाली. पडद्यावर आबा पहिल्यांदा बोलले तेव्हा समोर बसलेल्या आबांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या वाक्याला दुसरी. भूपेंद्र पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत होता. बाया डोळे पुसत होत्या, सोबती पुढे सरकून बसले होते, आणि आबांचा चेहरा उतरत चालला होता. मग एसटी सुरू झाली आणि झुलालचा आवाज शेतभर घुमला. आबा एकदम ताठ बसले. त्यांनी झुलालला कोपराने ढोसले.

"ऐकलं का? हा माझा आवाज."

झुलालच्या तोंडात घास होता. त्याने जोरजोरात मान डोलावली.

फिल्म संपली, टाळ्या झाल्या. आबांनी भूपेंद्रला बाजूला केळीच्या कडेला नेले. दिपमालाही मागोमाग आली.

"खरं सांग, भूपेंद्र," आबा म्हणाले. हाक मारली हे त्यांच्याही लक्षात आले नसावे. "ते कंडक्टरवालं सोडून बाकी समदीकडं दुसऱ्याचा आवाज लावेल आहे ना?"

दिपमालाने हसू दाबायला तोंडाला पदर लावला आणि ती दुसरीकडे पाहू लागली.

"मले नाही राग आला. माझा घसा बसेल होता, ते मले बी माहीत आहे," आबा म्हणाले. "आवाज फाटका आहे त्या मानसाचा. पन पोरीवर माया लय आहे. कोन आहे तो?"

"आहे आपल्यातलाच एक," भूपेंद्र म्हणाला. "माणूस फार चांगला आहे, आबा. मला ओळखायला उशीर झाला."

"मंग पुढच्या टायमाले बी त्यालेच घे," आबा म्हणाले, आणि भरीत संपायच्या आत पंगतीकडे वळले.