महाराजांनी वांगं सोडलं

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे, हे मला कधी नीट कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्याबद्दल वाचणाऱ्याने माफ करावं. पण माफी तेवढ्याचीच. पुढे जे लिहिलंय त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

नारायण पेठेतल्या परचुरेकाकूंच्या महाराजांनी एक दिवस वांगं सोडलं. आधी खायचे. भरलं वांगं तर त्यांच्या खास आवडीचं, असं काकूंनीच मला सांगितलं होतं. मग एका सकाळी म्हणाल्या, “मंगल, आजपासून वांगं बंद. महाराजांना चालत नाही.” मी विचारलं, कधीपासून? “कालपासून,” म्हणाल्या आणि पेपर तोंडासमोर धरला.

महाराज म्हणजे काकूंचे गुरू. त्यांनी देह ठेवून कित्येक वर्षं झाली. हे मला पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. मी स्वयंपाकाचं काम विचारायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “माणसं दोन. मी आणि महाराज. महाराजांना गरम लागतं.” मला वाटलं नवरा असेल, तापट असेल, म्हणून महाराज म्हणत असतील. पोळ्या झाल्यावर पदर सावरून उभी राहिले, आतून कोण येतंय ते बघत. कोणी आलं नाही. मग दिसलं, जेवणाच्या टेबलाशी एका खुर्चीत उशीला टेकवून एक फोटो बसवलेला होता. पांढरी दाढी, अंगात साधी बंडी, आणि काकू त्याच्यासमोर ताट वाढत होत्या.

फोटो देव्हाऱ्यात का नाही, असं कुणी विचारलं की काकू सांगायच्या, “देव्हाऱ्यात देव असतात. हे घरातले आहेत.” उन्हाळ्यात पंख्याचं तोंड महाराजांकडे. थंडीत त्यांच्या गळ्यात मफलर. संध्याकाळी बातम्या लागल्या की खुर्ची टीव्हीकडे वळवायच्या आणि पुढारी भांडायला लागले की परत फिरवायच्या. म्हणायच्या, आयुष्यभर शांत राहिले, आता कशाला डोकं उठवायचं त्यांचं.

काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. नोकरी संपली पण सवय गेली नाही. महाराजांशी बोलायचं तर डोळे मिटायच्या आणि कानाशी दोन बोटं धरायच्या. शेजारच्या बाईंनी एकदा गळ घातली, आमच्या मुलीचं लग्न कधी जमेल तेवढं विचारा. काकूंनी बोटं धरली, जरा थांबल्या, डोळे उघडले आणि म्हणाल्या, “लाइन बिझी आहे. सगळे लग्नाचंच विचारतात.” नको असलेलं आमंत्रण आलं, वर्गणीवाले आले, की एकच उत्तर ठरलेलं, “विचारलंय. उत्तर आलं की कळवीन.” ते उत्तर कधी यायचं नाही.

माझ्या बाबतीत मात्र लाइन लगेच लागायची. पगार वाढवून मागायला मला धीर होत नव्हता. एकदा भांडी पुसता पुसता कसंबसं बोलले. काकूंनी बोटं धरली आणि लगेच खाली घेतली. “हो म्हणतायत. वर विचारतायत, इतके दिवस गप्प का होती म्हणून.”

त्या घरात एक नियम होता. महाराजांचं ताट भरलेलं हवं, त्यात कसूर नको. नैवेद्य झाला की ते ताट परत भांड्यात ओतायचं नाही आणि झाकून ठेवायचं नाही. प्रसाद आहे, घरात जो असेल त्याने गरम असतानाच खायचा. काकूंना साखरेचा आजार, त्यांना भात नको, गोड नको. घरात दुसरी मीच.

मी वारज्याहून सकाळी नुसत्या चहावर निघते. पण लोकांच्या घरी मी पाणीसुद्धा मागत नाही. माझा कप बऱ्याच घरांत वेगळा ठेवलेला असतो, त्यापेक्षा तहान बरी. कुणी जेव म्हटलं तर “खाऊन आले” हे माझ्या तोंडात तयार असतं. पण प्रसादाला नाही कसं म्हणणार? ओट्याशी खाली बसून मी ते ताट खायचे. आणि मी पहिला घास घेईपर्यंत काकू स्वतःच्या ताटाला हात लावायच्या नाहीत. वर्तमानपत्र वाचत बसायच्या, नुसत्याच.

वांग्याने माझ्या घशाला खाज सुटते. ते मी कुणाला बोलले नव्हते, फक्त ताटात बाजूला सारलं होतं. दुसऱ्याच दिवशी महाराजांनी वांगं सोडलं. माझी दाढ दुखत होती त्या आठवड्यात महाराजांना मऊ खिचडी लागायला लागली. पहिल्या वेळी मला वाटलं, योगायोग. नंतर वाटेनासं झालं, पण मी काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि काकूंनी खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून लाजेने मला ते ताट घेताच आलं नसतं. काकूंनाही हे कळत असणार. म्हणून दोघी गप्प.

एकदा महाराजांच्या भक्तमंडळातले दोन गृहस्थ आले. खुर्चीतला फोटो बघून त्यांना बरं वाटलं नाही. नैवेद्यात कांदा-लसूण असल्याचं कळल्यावर तर फारच वाईट वाटलं. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, “महाराज हयात असताना माझ्या हातची कांद्याची थालिपीठं मागून खायचे. फोटोत गेल्यावर त्यांचं पोट बिघडलं असेल तर मला त्यांनी सांगावं. मंडळामार्फत नको.” ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. इमारतीत मात्र बोलणं सुरू झालं की परचुरेबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोक मला जिन्यात थांबवून विचारायचे. मी मान खाली घालून निघून जायचे. आज विचारलं तर थांबेन आणि सांगेन, सगळ्या इमारतीत डोकं ठिकाणावर असलेलं ते एकच घर आहे.

मग काकू बाथरूममध्ये पडल्या, पायाचं हाड मोडलं, आणि पैशाचा व्यवहार त्यांच्या मुलाने हातात घेतला. मिलिंददादा वाघोलीला राहतात, दर रविवारी येतात. पहिलाच पगार त्यांनी मला लिफ्टपाशी दिला, कमी दिला. म्हणाले, “मंगलताई, तुम्ही इथे रोज जेवता, त्याचे कापलेत. आईला बोलू नका, तिला त्रास होईल.” मी बोलले नाही. पुढच्या महिन्यात तेच. दिवाळीत पगाराएवढी बक्षिसी काकू दर वर्षी द्यायच्या, ती दिलीच नाही. तेही मी गिळलं. पण दिवाळीनंतर ते शेजाऱ्यांसमोर हसत म्हणाले, “आईच्या वेडाचा तुम्हाला बरा फायदा झाला.”

ते मला गिळता आलं नाही. आणि त्या दिवसापासून ताटही गिळता येईना.

काकूंना सांगितलं, उपास धरलाय. लगेच महाराजांचाही उपास, साबुदाण्याची खिचडी. मी म्हटलं, साबुदाण्याने पित्त होतं. महाराजांना वरी चालू झाली. वरी नको म्हटलं तर केळी. शेवटी काकूंनी स्वतःचं ताट माझ्याकडे सरकवलं, घास न मोडलेलं. वॉकर धरून ओट्यापर्यंत आल्या. “महाराज विचारतायत, मंगल. केव्हाची रिंग जातेय. उचल.”

मग मी सांगितलं सगळं. रडले नाही. काकू म्हणाल्या, रविवारी मिलिंद येईल, तेव्हा थांब.

रविवारी मिलिंददादा हात धुऊन टेबलाशी बसले. ताटं मांडलेली, वाढलेलं काही नाही. त्यांनी विचारलं, का? काकू म्हणाल्या, महाराज जेवत नाहीयेत. दादांनी सुस्कारा सोडला. “आई, फोटो जेवत नाही गं. कधीच जेवत नव्हता.”

“ते मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “पलीकडे माणूस आहे की नाही, हे ओळखण्यात माझी सगळी नोकरी गेली. फोटो जेवत नाही. मंगल जेवते.”

मी डाव हातात धरून उभीच होते.

“तुझे बाबा गेले त्यानंतर मी महाराजांकडे गेले होते. तू कडेवर. रांगेत सगळे काही ना काही मागत होते. मीही पाठ करून गेले होते काय मागायचं ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, जेवलीस का? मी खोटं बोलले, हो म्हटलं. ते उठले, मला पंगतीत बसवलं, आणि माझं ताट संपेपर्यंत समोरून हलले नाहीत. लोकांनी त्यांची प्रवचनं उतरवून घेतली. माझ्या वाट्याला एवढंच आलंय, आणि तेवढंच मी करते. तू पैसे मंगलचे कापले नाहीस, त्या ताटातले उचललेस. परत ठेव.”

दादा खाली बघत होते. मग मोबाइल काढला, म्हणाले, पाठवतो आत्ता.

“रोख,” काकू म्हणाल्या. “महाराजांकडे मोबाइल नाही.”

ते खाली एटीएमला जाऊन आले आणि नोटा महाराजांच्या रिकाम्या ताटात ठेवल्या. काकूंनी मला खूण केली, बघ. कुणासमोर पैसे मोजायची मला लाज वाटते. त्या दिवशी मोजले. आणि माझाच आवाज मला ऐकू आला, “दादा, दिवाळीचे राहिले.”

काकूंनी महाराजांचा मफलर सारखा केला. हसू लपवायला, दुसरं काही नाही. दादा पुन्हा खाली गेले.

काकूंनी नोटा उचलून माझ्या हातात दिल्या, ताट पुसलं आणि फोटो शेजारच्या खुर्चीत ठेवला. म्हणाल्या, “महाराज, जरा सरकून बसा.” मग मला म्हणाल्या, “बस.” इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीवरची फक्त धूळ पुसली होती. बसले. काकूंनी बसल्या जागेवरून वाढलं. बटाट्याची भाजी होती, आमटी होती, भात होता. मी पहिला घास घेतला, मग त्यांनी घेतला.

दादा परत आले तेव्हा मी उठायला लागले, त्यांना वाढायला. “तू जेव,” काकू म्हणाल्या. “तो घेईल आपल्या हाताने.” दादांनी दिवाळीचे पैसे माझ्या पाण्याच्या भांड्याजवळ ठेवले. मी डाव्या हाताने मोजले. पुरे होते.