भाडं उतरेल!

"वेळ ओळखायची असते, वेळ! अख्खा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला माझा. विमानाचं भाडं कधी उतरतं, ते मला कळणार नाही?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू जगातली सगळी विमानं तेच रोज सकाळी किल्ली देऊन सोडतात!

तर मंडळी, प्रसंग असा. साता समुद्रापलीकडे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे दिवस भरत आले होते. "बाबा, बाळ यायच्या आत दोघंही या हं," ती फोनवर म्हणाली, आणि घड्याळजींनी शब्द दिला. त्याच दिवशी दोन जागा परवडेल अशा भावात दिसत होत्या.

"अहो, घेऊन टाका ना!"

"थांब. उतरेल!"

दुसऱ्या दिवशी भाडं चढलं. तिसऱ्या दिवशी तर विसरलेल्या दुधासारखं वर आलं. घड्याळजींचं लक्ष कामातून पार उडालं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी मिनिटकाट्याच्या जागी तासकाटा बसवून दिला.

"काका, माझा दिवस चहा होईपर्यंत संपतोय हो!" तो बिचारा रडकुंडीला आला.

देव माणसाला आधी अहंकार देतो आणि मग तो उतरवायला काहीतरी धाडतो. घड्याळजींकडे त्यानं एक युक्ती धाडली.

"मी सारखा बघतो ना, म्हणून ते मला ओळखायला लागलेत!" ते बायकोच्या कानात कुजबुजले. "गरजू दिसला की भाव वाढवतात, लबाड! आता आपण सगळ्यांच्या फोनवरून बघायचं."

झालं! धाकटा भाऊ, मेहुणा, मुलीच्या सासूबाई, सगळ्यांना हुकूम सुटला: "स्वस्त जागा दिसली की आमची नावं भरून अडवून ठेवायची. पैसे मात्र मी सांगितल्याशिवाय भरायचे नाहीत!"

सकाळी घड्याळजींनी मोबाइल उघडला आणि किंचाळले, "अगं, मोजक्याच जागा उरल्या!" तोंड धुऊन येईपर्यंत त्याही गेल्या. महागड्या तेवढ्या राहिल्या.

"कोण चाललंय एवढं तिकडे? सगळ्या जगाच्या मुली एकदमच बाळंत होतायत का?"

त्यांनी हताश होऊन भावाला फोन लावला.

"दादा, अजिबात काळजी करू नकोस," भाऊ म्हणाला. "मी दोन अडवल्यात. वहिनीला चालायला मोकळी जागा हवी, म्हणून दुसऱ्या विमानातही दोन."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, माझ्याही आहेत! खिडकीच्या बघून घेतल्यात. आणि ऑफिसातल्या चौघांना कामाला लावलंय!"

घड्याळजी मटकन स्टुलावर बसले. ज्या गर्दीला ते सकाळपासून शिव्या घालत होते, ती त्यांचीच माणसं होती!

"सोडा! सगळे सोडा!" ते फोनमध्ये ओरडले.

आज्ञाधारक माणसं ती! सगळ्यांनी एकदम सोडल्या. आणि घड्याळजी चष्मा पुसून बघतात तो त्या जागा कुणीतरी परक्यानं उचलल्या होत्या. राहिलेल्या जागांच्या भाड्यात दुकान विकूनही विमानात एकच पाय गेला असता.

घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवा, माझ्या शहाणपणाची शिक्षा माझ्या लेकराला नको रे!"

तेवढ्यात फोन वाजला. मुलीच्या सासूबाई!

"विहीणबाई, तुम्हीही सोडलीत ना?" त्यांनी मेल्या आवाजात विचारलं.

"नाही हो, व्याहीबुवा. मी एकच अडवली होती, आमच्या विहीणबाईंच्या नावानं. मला पायांमुळे जाता येत नाही, पण पोरीजवळ एक आई तरी हवी की नको? तुमच्या हुकमाची वाट न बघता पैसेही भरून टाकले. रागावलात का?"

रागावतात कसले! घड्याळजी भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडले. देवानं ऐकलं होतं. फक्त अर्धंच ऐकलं होतं!

"आणि मी?" बॅग भरणाऱ्या बायकोला त्यांनी हळूच विचारलं.

तिनं त्यांचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा त्यांच्या नाकावर ठेवला.

"तुम्ही बघत राहा हं," ती मायेनं म्हणाली. "उतरेल!"