पुसलेला बाण

सुरतजवळच्या उधन्याच्या मिलमध्ये कापड तपासण्यात सुकदेवची एकवीस वर्षं गेली होती. डाग दिसला की त्याचा हात आपोआप स्पिरिटच्या बोळ्याकडे जायचा. सवय चांगलीच, पण सवयीला घर कुठलं आणि मिल कुठली, हे कळतं थोडंच!

लेक हर्षदा पीएच.डी. करत होती. लिथियम घातलेली प्लास्टिकची कडक फिल्म, हा तिचा विषय. तिच्यातून म्हणे पेट न घेणारी बॅटरी होणार. लॅबचा एसी बिघडला म्हणून उरलेला एकुलता एक तुकडा तिनं हवाबंद डब्यातून घरी आणला होता. आज रीडिंग आलं नाही तर विषय बंद, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

ती अंघोळीला गेली आणि सुकदेवला लेकीचं काम डोळे भरून पाहायची हुक्की आली. डबा उघडला. तळहाताएवढा चौकोनी तुकडा, काचेसारखा स्वच्छ, आणि मधोमध निळा डाग! शिव शिव. लेकीचा माल असा जाऊ द्यायचा? त्यानं बोळा फिरवला आणि तुकडा लख्ख केला.

"पप्पा, आ शुं कर्युं?" हर्षदा दारातच किंचाळली.

"डाग व्हता बेटा. मी पुसी टाका."

"डाग नव्हता, बाण होता! यातून लिथियमचे आयन एकाच दिशेनं पळतात. ती दिशा सरांनी दाखवली होती. ओल लागली तर सुकवता येईल, पण दिशा कुठून आणू? तुकडा एकदाच वापरता येतो!"

सुकदेवची बायको कलाबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय व्हयनं वं?" आणि सगळं ऐकून म्हणाली, "यास्ना हात बांधी ठेव पहिले!"

लेक रडायला लागली तसा सुकदेव चाचरत म्हणाला, "आयन एकाच दिशेला का पळतात पण?"

"फिल्म ताणून बनवतात. आतले धागे एका दिशेला लागतात, त्यांच्या कडेकडेनं पळतात."

"धागे? मंग रडस कशाले?"

त्यानं एका कोपऱ्याला कात्रीची टोचणी दिली आणि हलकेच फाडलं. फाट वाकडीतिकडी गेली. दुसऱ्या बाजूनं फाडलं, तर सुरीनं कापल्यासारखी सरळ. "हाऊ दख ताणा. सरळ फाटस, म्हणजे उभा धागा इकडून शे."

हर्षदानं डोळे पुसले, नवा बाण काढला आणि धावत बस पकडली. सुकदेव दिवसभर मिलमध्ये होता, पण तीन डागाळलेले तागे त्यानं तसेच पास केले.

संध्याकाळी ती आली. "पप्पा, रीडिंग आलं! आजवर आलं नव्हतं इतकं!"

"देव पावला! मंग तोंड असं काबरं?"

"जुन्या तुकड्यांचेही कोपरे फाडून पाहिले. सगळ्यांवरचे बाण आडवे होते. म्हणूनच तीन वर्षं काही येत नव्हतं."

"बाण कोणी काढेल व्हतात?"

हर्षदानं हळूच मागे पाहिलं. दारात पिकल्या केसांचे सर उभे होते, हातात जुन्या फिल्मचा गठ्ठा. "सुकदेवभाई," ते ओशाळून म्हणाले, "जरा शिखवाडशो?"

सुकदेवनं लगबगीनं सतरंजी अंथरली, चहा सांगितला आणि मायेनं म्हणाला, "बसा सर. मनाला लावून घेऊ नका, नवीन माणसाचं असंच होतं. आमच्या खात्यात तर पहिले सहा महिने कात्रीच हातात देत नाहीत."