रिकाम्या जागेचा आकडा

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, कळंबच्या बाजारात, मल्लप्पाअण्णांनी आकडा सांगितला : तीनशे दहा पोती. हजर आम्ही चौघे आडते. पाचवे गुरुलिंगप्पा वारून महिना झाला होता. तरी आकडा सांगण्याआधी अण्णांनी त्यांच्या रिकाम्या जागेपुढं उपरणं धरलं, एक हात आत घातला आणि वाट पाहत बसले. उपरण्याखाली मी हाताएवढे दोन उंचवटे मोजले.

आमची रीत अशी. लातूरला ज्वारी न्यायच्या गाड्या पाचांनी मिळून ठरवल्या की भाडं कमी पडे. पण कोणाकडं किती माल आहे हे दुसऱ्याला कळलं, की तो भाव पाडणारच. म्हणून प्रत्येकानं उपरण्याखाली अण्णांची बोटं दाबायची. एका बोटाला दहा पोती. अण्णा फक्त बेरीज सांगत. मेहनताना, प्रत्येकी एक नारळ.

ही सवय त्यांच्या अंगात भिनली होती. मुलं किती, विचारलं तर म्हणत, "घरात मावतात तेवढी." भाकरी किती खाल्ल्या? "तव्याला इचारा." आणि वर ठरलेलं वाक्य : "एकाचं दुसऱ्याला न्हाय."

दुसऱ्या दिवशी आमचा माल भरून झाला, तरी चार गाड्या रिकाम्या उरल्या.

"अण्णा, ह्या काय मेलेल्याच्या?" मी थट्टा केली.

"व्हय," म्हणाले, आणि गाड्या गुरुलिंगप्पांच्या घराकडं वळवल्या. मी मागं गेलो. परसात लिंबाखाली जमिनीत पुरलेलं ज्वारीचं पेव उघडं होतं. शेजारी त्यांची बायको गंगव्वा उभी.

"मला ह्यांनी कधी सांगितलंच न्हाय," ती म्हणाली. "काल सांजच्याला अण्णा आले, म्हणाले, हितं खांदा."

पोती भरली चाळीस. अण्णा गप्प बसते, तर ती त्यांचीच होती.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हळूच विचारलं.

"मरायच्या आदल्या दिवशी. जीभ गेली व्हती, बोटं व्हती."

"मग काल रिकाम्या जागी काय विचारत होता?"

"बाईला सांगू का म्हणून. ज्याचा आकडा, त्याला इचाराय नगं?"

"आणि?"

अण्णांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "लई गार व्हता हात."

लातूरहून आलेले पैसे त्यांनी गंगव्वाच्या हाती मोजून दिले. आमचे चारही नारळ परत केले. "एकाचं दुसऱ्याला सांगितलं म्या. आता दुसरा माणूस बघा." पुन्हा ते कधी उपरणं घेऊन बसले नाहीत.

पाचवा नारळ गंगव्वानं पाठवला होता. तो त्यांनी रिकाम्या जागेपुढं ठेवला.