पानपारखीला एक प्रश्न

प्रश्न विचारावा तर तो आमच्यासारख्यानं! दिग्रसला राहून मराठीतून तंत्रज्ञानाचा ब्लॉग चालवणारा माणूस म्हणजे काय चीज असते, हे कंपन्यांना ठाऊक नाही, कारण त्या वाचत नाहीत. बाकीचेही वाचत नाहीत, तो भाग वेगळा. पण परिषदांची निमंत्रणं मात्र नेमानं येतात. मी इतक्या परिषदा झेलल्यात की 'डिजिटल क्रांती' म्हटलं की मला थेट पनीरची भाजी आठवते.

तर यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात शेती-तंत्रज्ञान परिषद भरणार होती आणि तिथं 'पानपारखी' नावाच्या ॲपवर चर्चासत्र होतं. ॲप सोपं आहे. कपाशीच्या पानाचा फोटो काढायचा, ते रोग सांगतं आणि वर औषधही सांगतं. फुलसावंगीच्या वामनरावांनी फोटो काढला, सांगितलं ते औषध सांगितलं तेवढंच फवारलं, आणि बघता बघता अर्धं वावर करपलं! कंपनीच्या नंबरवर फोन केला, तर तिकडून नुसती बासरी वाजायची.

वामनराव माझ्या वडिलांचे जुने स्नेही. एसटीनं दिग्रसला आले, चहा घेतला आणि म्हणाले, "अफरोज, मले भरपाई-बिरपाई काही नको. तिथं चार लोकांत त्यायले फक्त एक इचार. तुमचं ॲप चुकते का नाही? हो म्हना, नाही तं नाही म्हना. गावातले पोट्टे अजून तेच फवारून राह्यले ना बाप्पा!"

"काका, विचारलंच समजा! त्यायले घाम नाही फोडला तं नावाचा अफरोज नाही!"

आमच्या घरात आमची हिंदी चालते. माझी बायको गझाला आतून ओरडली, "सवाल पूछना! भाषण नक्को!"

मी लगेच संयोजकांना फोन लावला. धनसिंग राठोड, मोठा उत्साही माणूस.

"धनसिंगभाऊ, मले स्टेजवर थोडा वेळ पाह्यजे."

"समजलं भाऊ, समजलं! पुढचं सांगाचं काम नाही. नाव टाकतो तुमचं!"

मला वाटलं, याला समजलं. आता कळतं, काय समजलं ते. स्टेजवर चढून प्रश्न विचारू इच्छिणारा प्राणी धनसिंगभाऊंनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. सत्कार करून घेऊ इच्छिणारे मात्र रोज फोन करत.

परिषदेचा दिवस उजाडला. उद्घाटक उशिरा आले, कारण वेळेवर येतो तो उद्घाटक कसला? समई पंख्यानं विझली, पुन्हा लावली, पुन्हा विझली. स्वागतगीत झालं. मग कंपनीच्या साधना मॅडम बोलायला उठल्या. 'पानपारखी'मुळे शेतकरी कसा सुखी झाला, हे त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. मी खुर्चीत दात-ओठ खात होतो. तेवढ्यात धनसिंगभाऊंनी पुकारा केला, "दिग्रसचे थोर तंत्रज्ञान-लेखक, अफरोजभाऊ!"

मी चढलो. माईक हातात आला. आता थेट प्रश्न! पण आपल्याकडे माईकवर थेट काही बोलता येतं का? आधी व्यासपीठ! अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, अतिविशेष पाहुणे... समोर बसलेल्यांपेक्षा वर बसलेले जास्त होते. एकेकाचं नाव घेत, मान लववत शेवटापर्यंत पोचलो, तर धनसिंगभाऊ कानाशी लागले.

"मालक राह्यले ना!"

"कोनते मालक?"

"मंगल कार्यालयाचे! भाड्यात सूट देल्ली त्यायनं!"

मालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. शेवटी नाव घेतलं तर आणखी अपमान, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मालकांना अध्यक्षांच्या शेजारी बसवून! तशी उद्घाटकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्यासाठी दोन गौरवाचे शब्द जास्त टाकले. आणि वेळ संपल्याची घंटा वाजली.

मी घाईघाईनं म्हणालो, "फुलसावंगीचे शेतकरी वामनराव यांनी 'पानपारखी' वापरलं, आणि..."

टाळ्या! साधना मॅडम तर उभ्याच राहिल्या.

"आणि त्यांचं अर्धं वावर..."

आणखी टाळ्या!

"करपलं!" मी ओरडलो. पण तोवर माईक धनसिंगभाऊंच्या हातात गेला होता आणि माझ्या अंगावर हिरवी शाल पडली होती. एका हातात नारळ आला, दुसऱ्या हातात स्मृतिचिन्ह, काखेत पुष्पगुच्छ. फोटोवाला म्हणाला, "सर, स्माइल!" आणि मी हसलो. तोंडाला सवयच आहे मेली!

मग मॅडमनी सभागृहाला विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी जिवाच्या आकांतानं हात वर केला. हातात नारळ होता.

"वा!" धनसिंगभाऊ गरजले. "अफरोजभाऊ श्रीफळ उंचावून 'पानपारखी'ले शुभेच्छा देऊन राह्यले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि चर्चासत्र संपलं. जेवणात पनीर होतंच.

तुम्ही म्हणाल, नारळ खाली ठेवायचा होता. ठेवता आला असता की! माईकशिवायही ओरडता आलं असतं. पण ज्यानं आत्ताच शाल पांघरवली त्याच्याशी भांडायला जीभ रेटत नाही, आणि ही गोष्ट कंपन्यांना चांगली माहीत असते. त्या दिवशी पनीर खाताना स्वतःचीच किळस आली.

त्यात कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखवत होते. फुलसावंगीत एरवी रेंज शोधायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. त्या दिवशी गावभर कशी खणखणीत आली! वामनरावांनी पारावर माणसं जमवली होती, 'पाहा, आपला पोरगा इचारते' म्हणून.

पुढच्याच आठवड्यात दिग्रसच्या बसस्थानकासमोर फ्लेक्स लागला. नारळ उंचावून हसणारा मी, आणि खाली 'फुलसावंगीच्या वामनरावांनी वापरलं. तुम्ही?' मी रागारागानं ब्लॉगवर सगळं खरं लिहून काढलं. खाली एकच प्रतिक्रिया आली. 'अभिनंदन सर!'

मग वामनराव आले. चहा नको म्हणाले. गझाला दारातूनच माझ्याकडे बघत राहिली.

"फ्लेक्स पाहून बाजूच्या गावातले दोघं-तिघं इचारत होते, काका, तुमी वापरलं नं, मंग आमीबी मारू का औषध? काय सांगू मी त्यायले?" ते म्हणाले. "शाल कुठं हाय ते? घाल अंगावर."

"काका, ते धनसिंगभाऊनं..."

"घाल म्हनतो ना!"

मी शाल पांघरून उभा राहिलो. वामनरावांनी मोबाइल काढला, 'पानपारखी' उघडलं आणि माझा फोटो घेतला. पडद्यावर चकरी फिरत राहिली. मग त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पीक निरोगी आहे. फवारणीची गरज नाही.'

मला हसू आलं. जीव भांड्यात पडला. "पाहा काका! मी निरोगी हाव म्हनते!"

वामनरावांनी मोबाइल शांतपणे बंडीच्या खिशात टाकला.

"आता तं पटलं ना तुले?" ते म्हणाले. "हे ॲप चुकते म्हून."